पायाशी घोणस

पेंढ्याचा वास आला की वैशाखरे गावातल्या आमच्या घरातली ती दुपार आठवते. ऑनलाइन एमबीएचा अकाउंटिंगचा शेवटचा पेपर मी लॅपटॉपवर, कॅमेरा आणि माइक चालू ठेवून देत होते. खोलीत दुसरा आवाज आला किंवा मी उठले, तर पेपर रद्द होणार होता. तेवढ्यात कोपऱ्यातल्या पेंढ्यातून घोणस निघाली आणि माझ्या पायाशी येऊन थांबली. तरी मी स्क्रीनवरून नजर हलवली नाही. आई दारात आली आणि ओरडली, "हलू नको गो, तशीच बस!" तिने लांब काठीने घोणस बाहेर काढली. पेपर मात्र रद्द झाला. मी तिलाच म्हणाले, "तू कशाला बोललीस?" "मग काय बघत राहू?" तिने विचारलं. पुढच्या खेपेला मी पास झाले. पण त्या दुपारी पेपर रद्द होईल म्हणून मी आईला हाकसुद्धा मारली नव्हती, हे आठवून आजही अंगावर काटा येतो.