आबांच्या खोलीतला पंखा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला का सांगतोय — कोण जाणे. तुम्ही आमच्या उंब्रजचे नाही, एवढं बरं आहे.

मी वायरमन. वीस-बावीस वर्षं झाली. आमच्या घराचं सगळं फिटिंग माझ्या हातचं. पण आबांनी — आमच्या वडिलांनी — कधी 'बरं केलंस' म्हटलं? छे! घरचाच वायरमन, करंल न्हाईतर जाईल कुठं!

आणि धाकटा प्रताप. फौजेतून रिटायर होऊन आला आणि आबांच्या खोलीत स्मार्ट थर्मोस्टॅट बसवला. खोलीतली गरमी बघून पंखा आपोआप कमी-जास्त करणारा डबा. आबांनी सगळी गल्ली गोळा केली. "बघा रं, माझ्या प्रतापनं पंख्याला अक्कल दिली!" वर मला म्हणाले, "शिक जरा त्येच्याकडनं."

अंगाची लाही झाली माझ्या. जळत होतो मी, दुसरा शब्द नाही. प्रताप कराडला याच सामानाचं दुकान टाकणार होता, गाळाही बघून ठेवलेला.

चार दिवसांनी पंखा बिघडला. चालायचा, मध्येच थांबायचा, डबा पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. प्रतापनं काय करायचं बाकी ठेवलं? डबा काढून परत बसवला, मोबाईलवरचं सेटिंग पुसून नव्यानं केलं, वायफाय तपासलं, पंख्याचा कंडेन्सर बदलला. काही उपयोग नाही. भर दुपारी आबा घामानं निथळत बसायचे, आणि मी शेजारी बसून चहा प्यायचो. वाईट वाटलं का? खरं सांगू — गार वाटायचं.

शेवटी चार पाहुण्यांसमोर आबा त्याला म्हणाले, "काढ ते खेळणं. तुला न्हाई जमायचं." प्रतापनं तो डबा काढून पिशवीत घातला. मग मी जुना रेग्युलेटर बसवला आणि पंखा सुरळीत फिरला. "आवं, शेवटी थोरल्याचाच हात," आबा पाहुण्यांना म्हणाले. इतकी वर्षं मी त्या वाक्याची वाट बघत होतो.

आता बोलतोच. आबांच्या कपाटामागं त्या पंख्याच्या लाइनीचा, न्यूट्रल वायरचा एक जॉइंट होता. माझाच, जुना, माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हता. प्रताप कराडला गेला होता तेव्हा मी कपाट सरकवलं, टेप सोडली आणि पीळ ढिला केला. तोडला नाही, नुसता ढिला, म्हणजे करंट मध्येच तुटायचा, मध्येच यायचा. रेग्युलेटर बसवायच्या आधी मीच तो पुन्हा आवळला. एवढंच केलं मी. एवढंच — म्हणायचं तरी कसं?

प्रतापनं दुकान टाकलं नाही. आता सांगलीला, विश्रामबागेत एका ऑफिसच्या गेटवर वॉचमन आहे. आबा गेले ते त्याच्याबद्दल तेच मत घेऊन.

गेल्या महिन्यात त्याच्या घरचा पंखा बंद पडला. त्यानं फोन केला, "अण्णा, येतोस का?" मी गेलो. मी स्टुलावर चढलो, त्यानं खालून स्टूल धरलं. त्याच्या पोरीनं विचारलं, "पप्पा, तुमी का न्हाई करत?"

तो हसला. "मला न्हाई जमत त्यातलं, बाळा. तुझं आबाच सांगायचं."

मी खाली बघितलं नाही. पंखा चालू केला, त्याच्या ताटाशेजारी ताट घेऊन पोटभर जेवलो, आणि उंब्रजची एसटी धरली.