सादिकच्या ठेंगण्या गाड्या

सादिक गेल्याचा फोन शाळेत आला तेव्हा माझा दुसरा तास चालू होता. शिपायाने वर्गाच्या दाराशी येऊन हळू आवाजात सांगितलं, आणि खरं सांगतो, मला आधी रागच आला. गुरुवारी आम्ही दोघं नाशिकला जाणार होतो. डॉक्टरांची वेळ घेतलेली, माझी रजा मंजूर झालेली, आणि हा मंगळवारी सकाळी चहा पिता पिता गेला. साऱ्या जव्हारने या माणसाची वाट पाहण्यात दिवस घालवले. दुरुस्तीला आलेली एकही जीप सांगितलेल्या दिवशी कधी दिली नाही त्याने. आणि जायचं तेवढं मात्र दोन दिवस आधी... आज दीड महिना झाला, पण तो राग काही उतरत नाही.

आम्ही नववीपर्यंत एका बाकावर बसलो. पुढे मी मास्तर झालो आणि तो वडिलांच्या पत्राकामाला लागला. वडील कंदील, डबे, पेट्या बनवायचे. सादिकने त्याच हातोडीने जीपचे पत्रे सरळ करायला घेतले, मग रंगवायलाही लागला. दाभोसा, साखरशेत, मोखाडा, सगळीकडे तेव्हा माणसं कोंबून नेणाऱ्या वडापच्या जीपा धावायच्या, आणि त्या खडी-दगडांच्या रस्त्यांवर कुठली ना कुठली रोज ठोकलेली असायची. त्यामुळे सादिकच्या पत्र्याच्या शेडपुढे कायम दोन-तीन जीपा उभ्या. हातात कौशल्य असं होतं की ठोकर कुठे बसली होती ते मालकालाही नंतर सापडू नये. एवढ्यावर थांबला असता तर सुखी झाला असता. निदान आम्ही तरी झालो असतो.

नव्वद सालानंतर केव्हातरी त्याच्या मामेभावाने दुबईहून येताना बोटभर लांबीची एक लोखंडी गाडी आणली. आणली होती कुणा भाच्यासाठी, पण ती सादिकच्या हाती पडली आणि परत गेलीच नाही. जांभळी, जमिनीला पोट टेकेल इतकी ठेंगणी, मागची चाकं मोठी, पुढची लहान, इंजिन बॉनेट फाडून वर आलेलं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पिवळ्या-लाल ज्वाळा रंगवलेल्या. मी म्हणालो, "खेळणं आहे रे." तर तो माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी त्याच्या कुळाचा अपमान केला. पुढे मुंबईच्या फूटपाथवरून त्याने गाड्यांची जुनी इंग्रजी मासिकं आणली. मजकूर मी वाचून सांगायचा, चित्रं तो मला समजावून सांगायचा. "हे बघ मास्तर, तिथली माणसं कंपनीनं दिलेली गाडी तशीच चालवत नाहीत. छप्पर कापतात, गाडी खाली बसवतात, घरच्या अंगणात रंगवतात. इंजिनिअर नाहीत ते. आपल्यासारखेच, गॅरेजवाले." त्या 'आपल्यासारखेच'मध्ये त्याचा सगळा जीव होता, हे मला आता कळतं. तेव्हा मी घड्याळ बघत होतो.

मग ते वेड वाढतच गेलं. मी नाशिकला, ठाण्याला, कुठेही निघालो की हातात त्याची चिठ्ठी. 'छप्पर कापलेली, हिरवी, ज्वाळा बाजूला, मागे नकोत.' पेपर तपासायला गेलेला पन्नाशीकडे झुकलेला माणूस मी, खेळण्यांच्या दुकानात पोराटोरांमध्ये उभा राहून गाड्यांची पोटं तपासायचो. एकदा चार दुकानं पालथी घालून एक आणली, तर म्हणतो, "ही कंपनीतून निघते तशीच आहे. हिच्यात कुणी जीव घातलेला नाही." अशा गाड्या जमवणारे लोक खोकं उघडत नाहीत, असं मी एका मासिकात वाचून त्याला सांगितलं. त्याने माझ्यासमोर तीन खोकी टराटरा फाडली. "बंद पेटीत गाडी? तिला काय दफन करायचंय?" त्याची बायको, रुबिनाभाभी, आतून ओरडल्या, "त्यापेक्षा मला दफन करा, म्हणजे कपाट रिकामं होईल!" त्यांच्या लग्नातल्या कपाटाचे दोन कप्पे तोवर गाड्यांनी भरले होते. भाभींच्या साड्या ट्रंकेत गेल्या होत्या.

लहानूच्या जीपची गोष्ट मात्र मी अजून हसत सांगू शकत नाही. लहानू दाभोशाचा, जव्हार-दाभोसा गाडी मारायचा. ती एक जीप आणि थोडं भात, एवढ्यावर घर. उजवा दरवाजा चेपला म्हणून त्याने जीप सादिककडे टाकली, दोन दिवसांच्या बोलीवर. अठरा दिवस झाले. लहानू रोज चालत जव्हारला यायचा, रोज सादिक म्हणायचा, "उद्या." शेवटी जीप बाहेर आली तेव्हा बाजारपेठ थांबून बघत होती. बॉनेटपासून मागच्या दारापर्यंत ज्वाळा. लाल, नारिंगी, कडेला बारीक पांढरी रेघ, हुबेहूब त्या बोटभर गाडीसारख्या. बोहाड्याच्या जत्रेतली मुखवट्यांची सोंगं फिकी पडावीत असा तो रंग. लहानू बघतच राहिला. कुणाच्याच लक्षात आलं नाही, की मागच्या चाकांवरच्या स्प्रिंग-पाट्यांची पाती काढून सादिकने जीप वीतभर खाली बसवली होती. कुणाला विचारलं नव्हतं, सांगितलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बारा-तेरा माणसं भरून जीप दाभोशाच्या उतारावर गेली आणि एका दगडावर पोटाने बसली. इंजिनाखालचं चेंबर फुटलं, ऑइल सगळं रस्त्यावर. माणसांना काही झालं नाही, पण एक म्हातारी तापाने फणफणलेली होती, तिला दोघांनी खांद्यावर घेऊन जव्हारला आणलं. लहानू थेट माझ्या शाळेत आला. "मास्तर, तुमच्या दोस्तानं माझी जीप बसवली. म्हैस बसतेय तशी बसवली. आता मी काय खाऊ? त्या ज्वाळा खाऊ?" मी त्याच्यासोबत शेडवर गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा सादिकवर हात उगारला. मारलं नाही. पण उगारला. त्याने सायकलला हत्यारांची पिशवी बांधली आणि निघाला. तीन दिवस त्या उतारावर जीपखाली पालथा-उताणा पडून त्याने ती पुन्हा उंच केली. लहानूच्या घरचीच नाचणीची भाकरी खाल्ली. माफी मात्र मागितली नाही. परत आल्यावर मला एवढंच म्हणाला, "रस्ता नीट असता तर चालली असती."

आणि वैताग बघा, लहानूनेही त्या ज्वाळा पुसू दिल्या नाहीत. लांबूनच माणसं 'जाळाची जीप आली' म्हणून ओळखायला लागली, दुसऱ्या जीपा सोडून तिच्यासाठी थांबायला लागली. त्यानंतर जो तो सादिककडे ज्वाळा मागायला यायचा. म्हणजे ज्या गोष्टीसाठी त्याला धडा मिळायला हवा होता, त्याच गोष्टीने त्याचं नाव झालं. मग तो कुणाचं कशाला ऐकतोय!

तोंडाला फडकं बांध, हे त्याला मी किती वेळा सांगितलं असेल... बंद शेडमध्ये दिवसभर स्प्रे गन, थिनरच्या वासाने मला दारात उभं राहवायचं नाही. तो म्हणायचा, "फडकं बांधलं की वास कळत नाही. रंग पातळ झाला का जाड, ते मला नाक सांगतं." पाच-सहा वर्षांपूर्वी खोकला सुरू झाला. मग दहा पावलांवर दम. नाशिकच्या डॉक्टरांनी फुप्फुसांचा फोटो दिव्यासमोर धरला आणि मला बाहेर बोलावून सांगितलं की रंगकाम आजपासून बंद. मी दवाखान्याच्या पायरीवर बसलो होतो. आणि हा माझा खांदा हलवून विचारतो, "मास्तर, मेन रोडला जायचं ना? तिथं एक दुकान आहे." मी इतका संतापलो की त्याला तिथेच सोडून स्टँडकडे चालू लागलो. अर्ध्या वाटेत मागे पाहिलं. तो एका भिंतीला टेकून, छातीवर हात ठेवून, श्वास जागेवर यायची वाट बघत उभा होता. मी परत फिरलो. दुकानातही गेलो. सगळ्या रस्त्यात, त्र्यंबकपासून मोखाड्याच्या घाटापर्यंत, तो एसटीच्या खिडकीच्या कडेवर ती नवी गाडी चालवत होता आणि मी दुसरीकडे तोंड करून बसलो होतो. रंगकाम त्याने अर्थातच बंद केलं नाही. स्वतःची गाडी मात्र त्याने कधी घेतली नाही. शेवटपर्यंत सायकल.

सादिकचा चाळिसावा दिवस झाल्यावर भाभींनी निरोप पाठवला, "मास्तर, येऊन कपाटातली एखादी गाडी घेऊन जा, आठवण म्हणून." गेलो. कपाटाचे आता चारही कप्पे भरलेले. मी समोरची निळी उचलली. भाभी म्हणाल्या, "ती नको. ती त्यांनी आमच्या मुलीच्या निकाहच्या दिवशी घेतली, भिवंडीला. सगळी वरात खोळंबली होती." मी ती ठेवून तपकिरी घेतली. "तीही नको, तिच्यासाठी माझ्याशी आठ दिवस बोलले नव्हते." तिसरी उचलली. भाभी नुसतं माझ्या हाताकडे बघत राहिल्या. मी तीही ठेवली. मग त्या आतून चहा घेऊन आल्या आणि जमिनीवर बसून एकेक गाडी पदराने पुसत सांगायला लागल्या. ही कुठली, ही कधीची, हिचं चाक कशाने तुटलं. पंधरा वर्षं ज्यांना त्या 'भंगार' म्हणत आल्या, त्यातली एकही त्या विसरल्या नव्हत्या. दुपार कलल्यावर असरची अजान झाली तेव्हा पहिला कप्पाही संपला नव्हता. मी रिकाम्या हातांनी उठलो. चपला घालत होतो, तेव्हा भाभी दारात येऊन म्हणाल्या, "शुक्रवारी या. दुसरा कप्पा तेव्हा दाखवते."