सुरतेचं यंत्र आणि अडीचशेरी माप

माझा डावा हात कोपरात मोडला तेव्हा मी सतरा वर्षांची होते. कापसाने भरलेली गाडी शहाद्याला निघाली होती, मी वर बसले होते, आणि ओढ्याच्या उतारावर गाडी कलली. प्लास्टर निघालं तेव्हा हात काटकोनात अडकलेला होता. वेणी घालता येईना, पदरही नीट खोचता येईना.

नंदुरबारच्या डॉक्टरांनी आबांना, माझ्या वडिलांना, समोर बसवून सांगितलं, "रोज सकाळ-संध्याकाळ हातात वजन धरून हात खाली सोडू द्या. दोन-अडीच किलोपासून सुरुवात करा. दुखेल, पण थांबवू नका."

आबांनी मान हलवली. मोटारीत बसल्यावर मात्र म्हणाले, "अंगणमा पोर वजनं उचली ऱ्हायनी, हाई बरं दिसत नही."

आठ-दहा दिवसांनी सुरतेहून खोकं आलं. आबांचा एक आतेभाऊ तिथे गिरणीत होता, त्याच्याकडून मागवलं होतं. आत लाकडी फळी, दोन स्प्रिंगा, एक कप्पी आणि दोन मुठी. खोक्यावर लंगोट लावलेल्या पैलवानाचं चित्र होतं. ते मी पाहू नये म्हणून आबांनी आधी सुरीने खरवडून काढलं. सुताराकडून ती फळी धान्याच्या खोलीत भिंतीला ठोकून घेतली. खोलीला खिडकी नव्हती. "दार लाई लेत जाय," आबांनी मला बजावलं.

मला कळलं होतं. विसरवाडीचं एक स्थळ चालू होतं आणि त्यांच्या कानावर वाकडा हात जायला नको होता.

दोन महिने मी त्या खोलीत भिंतीकडे तोंड करून मुठी ओढल्या. ओढताना स्प्रिंग ताणली जायची, सोडताना झटका द्यायची आणि कोपर सुजायचं. हात होता तिथेच. आबा रोज जेवताना विचारत, "मशीन करं का?" मी हो म्हणे. मग ते मायला सांगत, "देख, फरक पडी ऱ्हायना." हाताकडे न बघता सांगत. हे आठवलं की आजही माझे दात आवळतात.

शेवटी माय म्हणाली, "वस्तादकडे जाय. सुजवर तेल मांगी लय." एवढंच ती बोलली. आबांसमोर ती कधी काही बोलली नाही, आणि त्याचाही मला राग आहे.

वस्ताद म्हणजे गावच्या तालमीचे म्हातारे. निखळलेले खांदे बसवायचे. बाईमाणसाने तालमीत पाऊल टाकायचं नाही, म्हणून ते स्वतः बाहेर ओट्यावर येऊन बसले. कोपर चाचपलं, यंत्राबद्दल सगळं विचारून घेतलं.

"आबानी आनेल स्प्रिंग जोर कमावाले शे," ते म्हणाले. "तुले जोर नही कमावना. तुन्हा हात सरळ व्हवाले लागना, का स्प्रिंग ढिली पडस. जठे ओढ पाहिजे तठेच ओढ नही. वजनले तसं नही. ते शेवटलोंग ओढत ऱ्हास."

दोन महिने मी अंधारात रडत ओढत होते, आणि जिथे लागायचं तिथे ती ओढ पोचतच नव्हती. हे समजायला तालमीच्या ओट्यावर पाच मिनिटं लागली होती. डॉक्टरांनी तर घरात कोणीही उचलून देईल असं वजन सांगितलं होतं.

त्या सुमारास नवे किलो आले होते. तराजूची शेरांची जुनी लोखंडी मापं आमच्या ओसरीत निकामी पडली होती. त्यातलं कडी असलेलं अडीचशेरी माप मी उचललं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात उभी राहिले. विहिरीवर जाणाऱ्या बायका थांबून बघायला लागल्या. वजनाने हात खाली जायचा, कोपरातून कळ निघायची, मी मनात शंभर मोजायची.

आबा बाहेर आले. "मझार चाल, घरमा. लोके देखतस."

"देखू द्या."

"मशीन कसाले आनं मी?"

"ते तुम्ही तुमच्यासाठी आणलं," मी म्हणाले. रागाने माझ्या तोंडून शाळेतली भाषा निघाली. आबांनी हात उगारला, बायकांकडे पाहिलं आणि खाली घेतला. त्यानंतर महिनाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. मी एक दिवसही चुकवला नाही.

विसरवाडीचे लोक आले तेव्हा मला डावा हात पदराखाली ठेवायला सांगितलं होतं. मुलाच्या आईने विचारलंच. आबांनी ते लहानपणावर ढकललं, "धाकलपनमा जरासं लागेल व्हतं." मी हात बाहेर काढला, जेवढा सरळ व्हायचा तेवढा केला आणि सांगितलं, "सहा महिने झाले मोडून. सरळ व्हायला अजून चार बोटं बाकी आहेत." चहा पिऊन ते उठले. पुन्हा निरोप आला नाही.

वर्षभरात हात सरळ झाला. दोन वर्षांनी माझं लग्न ठरलं, खापरच्या एका मास्तरांशी. हाताचं त्यांना पहिल्या भेटीतच सांगितलं होतं.

लग्नाच्या पंगतीत आबा व्याह्यांना आग्रह करत होते. मी ताटावर बसले होते, सगळं ऐकू येत होतं. "सुरतथीन मशीन मांगाडं," ते म्हणत होते, "पोरना हात एकदम सरळ करी टाका."

मी घास खाली ठेवला. "मशीननी नही, आबा."

आबांनी वाढप्याच्या हातातून भांडं घेतलं आणि व्याह्यांच्या पानात आणखी तूप सोडलं.

"व्हयना ना सरळ?" ते म्हणाले. "मंग."