सहा बोटांचा रिक्षावाला

पन्नाशीत मी चांगलीच बावळट होते. तेव्हा मला तो माझ्या मनाचा मोठेपणा वाटायचा.

आम्ही तेव्हा आखातात, अल मनखूलला राहत होतो. वरच्या मजल्यावर पुण्याच्या एक ताई होत्या. दर शनिवारी आम्ही दोघी सिलिकॉन ओएसिसला एका जपानी बाईंकडे शाईची चित्रं शिकायला जायचो. विषय जुनी वाहनं: खांद्यावरच्या डोल्या, बैलगाड्या, माणसानं ओढायच्या रिक्षा. माझे बैल म्हशींसारखे यायचे. पण एकदा रिक्षा जमली. बाईंनी ती कितीतरी वेळ पाहिली आणि नुसती मान डोलावली. एवढ्यावर मी आठवडाभर हवेत.

शाई वाळली की तो पातळ कागद आक्रसतो, म्हणून मागे दुसरा कागद खळीनं चिकटवतात. त्यात ताईंचा हात बसलेला. चित्र त्यांनी आपणहून नेलं. पंधरा दिवसांनी परत आलं ते फिकट. एसीच्या हवेनं शाई उडते, असं ताईंनी सांगितलं. मला पटलं. वर मीच त्यांना डबाभर चकल्या दिल्या.

पुढे ताईंकडे हळदीकुंकवाला गेले, तर त्यांच्या भिंतीवर माझी रिक्षा. काळीभोर. ओढणाऱ्याच्या उजव्या पायाला मी चुकून सहा बोटं काढली होती, इथेही सहाच. कोपऱ्यात ताईंच्या नावाचा लाल शिक्का. बायका कौतुक करत होत्या. मीही केलं.

शनिवारी एकटीच गेले आणि एका चित्राची दोन कशी होतात, ते बाईंना विचारलं. त्यांनी चित्राचा तसलाच एक पातळ कागद घेतला, कोपरा भिजवला आणि नखानं त्याचे दोन पापुद्रे सोडवले. शाई खालच्या पापुद्र्यापर्यंत झिरपते. माझ्या घरात होता तो खालचा.

जाब विचारायला मी तीनदा वर गेले आणि तीनदा कोथिंबीर मागून खाली आले. मग ताई कायमच्या पुण्याला निघाल्या. सामान बांधत होत्या तेव्हा धीर केला.

"ताई, माझी रिक्षा तेवढी देऊन जा."

"अहो, तुमची तुमच्याकडे आहे की," त्या हसून म्हणाल्या. "हिच्यावर माझा शिक्का आहे. जरा हे खोकं धरता का?"

मी धरलं. रिक्षा आत गेली, झाकण मिटलं. चिकटपट्टी नीट बसावी म्हणून वरून दोन्ही हातांनी दाबूनही दिलं.