आईंचा नवा गुडघा आणि आटपाडीचा निवद

यंदा गुड फ्रायडे आणि चैत्रातली यात्रा अगदी गळ्यात गळे घालून आले. शुक्रवार ते रविवार सलग सुट्टी. वाईतली निम्मी गल्ली कोकणात निघालेली, उरलेली महाबळेश्वरच्या रांगेत उभं राहायला. आम्ही मात्र भर उन्हाळ्याच्या तोंडावर आटपाडीला निघालो. ज्याला ज्याला सांगितलं त्याने एकच विचारलं, "आत्ता? आटपाडीला?"

कारण होतं आमच्या आईंचा गुडघा. आई म्हणजे माझ्या सासूबाई. थंडीत त्यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ते छान झालं, टाके भरले, काठी सुटली. डॉक्टरांनी फोटो बघून पाठ थोपटली आणि म्हणाले, गुडघा उत्तम आहे, आता फक्त बाई हलल्या पाहिजेत. बाई काही हलेनात. घरातल्या घरात फिरायच्या, पण उंबऱ्याबाहेर पाय पडेना. संदीपने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, भारीतले बूट आणले. मी पहाटे उठून त्यांच्यासोबत जायची तयारी दाखवली. आमची अकरा वर्षांची ईशा आजीला नाचायला शिकवते म्हणाली. आईंचं उत्तर ठरलेलं, "उद्यापासून जाऊ गं." शेवटच्या तपासणीला डॉक्टर जरा कडक बोलले. असंच बसून राहिलात तर सांधा आखडेल आणि मग नव्या गुडघ्याचा काही उपयोग नाही, म्हणाले. त्या दिवशी संदीप जेवला नाही.

आईंचं माहेर आटपाडीच्या बाजूला, गावाबाहेरच्या वस्तीवर. त्यांची थोरली बहीण, आक्का, त्याच वस्तीवर राहणाऱ्या मामाच्या घरात दिलेली, म्हणून तिथंच राहिली. आक्कांचा फोन आला, यात्रेला ये म्हणून. आई हो म्हणाल्या. इतक्या महिन्यांत त्या कशालातरी हो म्हणाल्या, म्हणून आम्ही उन्हाबिन्हाचा विचार न करता गाडीत हवा भरून घेतली.

जाणाऱ्यांसाठी सांगते, उन्हाच्या आत निघा. आम्ही झुंजुमुंजु असताना वाई सोडली. आनेवाडीचा टोल, सातारा, तिथून कोरेगावचा रस्ता. वर्धनगडचा घाट चढला की हवा बदलते आणि हिरवं मागं पडतं. पुसेगावात नाश्ता केला. पोहे, भजी आणि चहा, चौघांचं मिळून तीनशेच्या आत. संदीपने भज्यांकडे बघत मोबाईलमध्ये कॅलरी टिपून घेतल्या आणि मग दोन प्लेटी खाल्ल्या. पुढं गोंदवले, म्हसवड, दिघंची. रस्ता बहुतेक चांगला आहे, दिघंचीच्या अलीकडे थोडं काम चालू होतं. थांबत थांबत चार तास धरा. पाण्याच्या बाटल्या जास्त घ्या आणि टोपी विसरू नका.

ईशाच्या मांडीवर सगळा वेळ एक डबा होता. आमच्या शेजारच्या ग्रेसमावशींनी तिला ईस्टरची बदामाची अंडी करून दिली होती आणि त्यांच्या घरी पोरं ईस्टरच्या सकाळी लपवलेली अंडी कशी शोधतात तेही सांगितलं होतं. ईशाला आता तो खेळ वस्तीवर खेळायचा होता. गोड अंडी म्हसवडलाच संपली, पण बेत कायम राहिला.

मला वाटलं होतं, सगळीकडे करपलेला माळ दिसेल. पण आटपाडीच्या शिवारात आता पाटाचं पाणी फिरतं. मधेच उघडा माळ, आणि मधेच हिरव्यागार डाळिंबाच्या बागा, लिंबाएवढी फळं धरलेल्या. आक्कांची वस्ती अशाच एका बागेच्या कडेला. चार खोल्या, पुढं पत्र्याचं शेड, मागं विहीर. आक्का सत्तरीच्या पुढच्या, वाकलेल्या, दोन्ही गुडघे बाहेर फेकत चालणाऱ्या. गाडी थांबल्यावर त्या आल्या, बहिणीला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाल्या, "शाले, किती गं सुटलीयास." आमच्या घरी शालिनीबाईंना हे कुणी म्हणायची छाती नाही. आई चक्क हसल्या.

संदीपने लगेच आईंसाठी खुर्ची आणली, पायाखाली पाट सरकवला. मी औषधाची पिशवी मांडली. आक्का आमच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी बहिणीपुढे निवडायला शेंगा टाकल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे आक्कांच्या यजमानांनी, अण्णांनी, आम्हाला उठवलं. अण्णा फौजेतून येऊन बरीच वर्षं झाली, पण फौज काही त्यांच्यातून गेलेली नाही. ईशा आणि संदीपला त्यांनी बांधावरून पळवलं. संदीप परतला तो कंबरेवर हात ठेवून. अण्णांचा श्वासही चढला नव्हता. घरातलं सगळं शिजवून झालं होतं. यात्रेचा पहिला दिवस पोळीचा, मटणाचा बेत दुसऱ्या दिवशी. पुरणपोळी, कटाची आमटी, भात, कुरडई. तिथं पथ्याबिथ्याच्या गप्पा मारू नयेत. मी दोन पोळ्यांवर थांबले तर आक्कांनी पोळी ताटाखाली लपवली की काय म्हणून वाकून बघितलं.

पण जेवण नंतर. आधी भैरोबाला निवद, म्हणजे नैवेद्य. देऊळ माळावर, वस्तीपासून किलोमीटरभर. मधे बाग, मग नांगरलेलं रान, मग कोरडा ओढा आणि थोडा चढ. या वस्तीची रीत अशी की पहिला निवद लेकींचा. माहेरवाशिणींनी झाकलेलं ताट हातात घेऊन जायचं आणि तो देवापुढे ठेवल्यावरच बाकीच्यांची ताटं. आक्का सकाळीच बहिणीला म्हणाल्या होत्या, दोघींनी जायचं. आई नुसत्या मान हलवून ताट वाढत राहिल्या.

मी आंघोळीला गेले होते. बाहेर आले तर आई नाहीत, संदीप नाही आणि गाडीही नाही. ईशा म्हणाली, बाबा आजीला मागच्या डांबरी रस्त्याने घेऊन गेले, ताटसुद्धा मागच्या सीटवर ठेवलंय. मला खरं सांगायचं तर बरंच वाटलं. नवरा किती काळजी घेतो आईची, असंच मनात आलं. मी आणि ईशा आक्कांबरोबर पायवाटेने निघालो. आक्कांच्या हातात त्यांचं ताट होतं, आणि शाली पुढं गेली असंल, म्हणत त्या चालल्या होत्या.

देवळापाशी पोचलो तर गाडी कडुलिंबाखाली उभी. आई पुढच्या सीटवर, मांडीवर ताट. संदीप खुशीत होता. आक्का थांबल्या.

"गाडीतनं आनलास व्हय रं निवद?"

संदीप म्हणाला, "मावशी, आईला एवढं चालवत नाही."

"गाडीतनं आल्याला निवद द्येव घेत न्हाई. चालत आनायचा असतोय, हातावर."

संदीपने समजावायचा प्रयत्न केला. ऑपरेशन, डॉक्टर, नांगरलेलं रान, पाय मुरगळला तर काय. मीही त्याच्या बाजूने बोलले. देवाला माणसाची अडचण कळते, असं काहीतरी. आक्कांनी आमचं सगळं ऐकून घेतलं. तोवर मागून लोक येत होते, ताटं घेऊन थांबत होते, कारण लेकींचा निवद गेल्याशिवाय कुणालाच पुढं जाता येत नव्हतं. आई गाडीत मान खाली घालून बसल्या होत्या. त्यांचा तो चेहरा मला बघवेना.

मग आक्का आमच्याकडे न बघता थेट बहिणीशी बोलल्या. "शाले, गुडगा नवा हाय न्हवं तुजा? मी जुन्या दोन गुडग्यांवर आलेच की. जा माघारी, दुसरं ताट वाढून घे आनि चालत ये. समदी थांबत्याली."

मला राग आला. एवढ्या लोकांसमोर कशाला, असं वाटलं. संदीप तर गाडी थेट वाईकडे वळवायच्या बेतात होता. पण आईंनी दार उघडलं. मांडीवरचं ताट ईशाच्या हातात दिलं, हे तुम्ही पोरांनी खा म्हणाल्या, आणि गाडीतून उतरल्या. दुसरं ताट आणायला म्हणून वस्तीपर्यंत तेवढ्या पुन्हा गाडीत बसल्या. मी त्यांच्याबरोबर गेले. स्वयंपाकघरात त्यांनी नवं ताट वाढायला घेतलं. कुरडई दोनदा पडली. मी म्हटलं, आई, नाही गेलात तरी चालेल. त्यांनी फक्त पदर डोक्यावरून घट्ट ओढून घेतला.

बागेतून जाताना ठीक होतं, सावली होती, जमीन दाबलेली होती. आक्का देवळाकडून अर्ध्या वाटेपर्यंत परत आल्या होत्या, आपलं ताट घेऊन. दोघी पुढं-मागं चालू लागल्या. आक्का पुढं, आई मागं, मी आणि संदीप त्यांच्या मागं. नांगरलेल्या रानात ढेकळं होती. आई प्रत्येक पाऊल ठरवून टाकत होत्या. दोन्ही हात ताटात गुंतलेले, त्यामुळे कुणाला धरायची सोय नव्हती. ओढ्याच्या वाळूत त्यांचा पाय रुतला आणि त्या एका बाजूला कलल्या. मी धावले.

"हात लावू नगंस," आक्का मागं न वळता म्हणाल्या. त्यांना कसं कळलं देव जाणे. "हात लावशील तर तोल जाईल तिचा. शाले, बगून टाक की पाय. डोळं कुटं हायती तुजं?"

आई थांबल्या. मोठा श्वास घेतला. पाय वाळूतून काढला आणि पुढं ठेवला. माझा हात तसाच हवेत राहिला होता. संदीप माझ्या शेजारी उभा होता आणि त्याचे डोळे भरले होते. चढावर त्या दोनदा थांबल्या, तेव्हा आक्काही थांबल्या, पण मागं वळून बघितलं नाही. शेवटी दोघींनी ताटं भैरोबापुढं ठेवली, हलगी वाजली आणि मागचे लोक घाईघाईने पुढं सरकले. सगळ्यांना भूक लागली होती. आईंचं कौतुक करायला कुणाला सवड नव्हती. त्या पायरीवर बसून घाम पुसत होत्या, आणि इतक्या महिन्यांत मी त्यांना तशा समाधानात पाहिलं नव्हतं.

रविवारी ईस्टर. ईशाने आदल्या संध्याकाळी गावरान अंडी उकडून हळदीत आणि बिटाच्या पाण्यात रंगवून ठेवली होती. खायचं अंडं लपवून ठेवायचं, हा कसला सण, असं आक्का म्हणत होत्या. सकाळी आम्ही उठलो तर टोपली रिकामी. आई चुलीपाशी चहा पीत बसलेल्या. "लपवलीत मी," एवढंच म्हणाल्या. मग शोधाशोध सुरू झाली. एक अंडं शेडच्या वळचणीला, दोन विहिरीच्या काठावर. पुढची सापडेनात. आम्ही जवळपासच शोधत होतो, आजी लपवून लपवून किती लांब लपवणार. शेवटी अण्णांना एक बागेच्या पार पलीकडच्या ओळीत सापडलं, ठिबकच्या नळीशेजारी. आणि ईशाला एक ओढ्याच्या कडेला, दगडाच्या आडोशाला. पिवळंधम्मक. आम्ही सगळे तिथं उभे राहून त्या अंड्याकडे बघत बसलो. उजाडायच्या आत त्या एकट्या इथवर आल्या होत्या. सर्वांत जास्त अंडी आक्कांनी शोधली आणि एक जागेवरच सोलून खाल्लं.

दुपारी मटण-भाकरी झाली. त्याबद्दल लिहीत नाही, डॉक्टर हा ब्लॉग वाचतात. उन्हं कलल्यावर निघालो. आक्कांनी डिकीत भाकरीचं पीठ, शेंगा आणि कुरडया भरल्या. जाणाऱ्यांना एकच सल्ला, अशा वस्तीवर जाताना डिकी रिकामी घेऊन जा. आटपाडीत राहायला साध्या खोल्या मिळतात, पण यात्रेत आधी फोन करा.

घरी आलो आणि सोमवारी पुन्हा सगळं सुरू झालं. शाळा, डबे, दूध. सकाळी आई नवे बूट घालून पुढच्या दारात उभ्या दिसल्या. मी सवयीने ओट्याच्या पायरीशी हात पुढं केला. त्यांनी तो धरला नाही. मी मनात साचलेलं विचारलंच. म्हटलं, आई, आम्ही एवढं मागं लागलो तर हलला नाहीत, आणि तिथं ढेकळांतून चालत गेलात. असं कसं?

त्यांनी पदर खोचला. मग म्हणाल्या, "तिथं पडले असते तर आक्कानं शिव्या घातल्या असत्या आणि पुन्हा ताट आणायला लावलं असतं. इथं पडले तर तुम्ही रडाल गं. संदीपचा चेहरा मला डोळ्यांसमोर दिसतो. मला पडायची भीती नाही, त्या चेहऱ्याची आहे. म्हणून उठावंसंच वाटायचं नाही."

पुढं केलेला हात मी मागं घेतला. रडायचं तर आता मुळीच नव्हतं. मी म्हटलं, "बरं, मग जा. पडलात तर मी आक्कांना फोन लावून देईन."

आई हसल्या, पायऱ्या उतरल्या, फाटकाची कडी स्वतः काढली आणि गेल्या. कोपऱ्यावरून वळल्या तेवढ्यात संदीप टॉवेल घेऊन बाहेर आला. "आई कुठंय?"

"फिरायला गेल्यात."

"एकटी?" त्याने टॉवेल खुर्चीवर टाकला आणि चपला शोधायला लागला. त्या माझ्यासमोरच होत्या. मी त्यांच्यावर दोन्ही पाय ठेवून उभी राहिले.