तीन नंबरची प्रत

आमच्या ह्यांना हॉस्पिटलात सगळे 'डबल' म्हणायचे. एक्स-रे विभागाच्या कॉम्प्युटरखोलीत अठ्ठावीस वर्षं काढली आणि प्रत्येक फोटो दोन-दोन ठिकाणी उतरवून ठेवला. इतक्या वर्षांत एकाही माणसाचं हाड हरवू दिलं नाही, असं छाती काढून सांगायचे. मी म्हणायची, लोकांची हाडं एवढी सांभाळता, मग घरच्या छत्र्या का हरवता? त्यावर नुसते हसायचे.

घरीही तोच कारभार. आमचे सगळे फोटो, वाळवी लागलेले जुने अल्बमही टाकायच्या आधी स्कॅन करून, कॉम्प्युटरवर, ती एक नंबरची प्रत. दोन नंबर बाहेरून जोडायच्या ड्राइव्हवर, कपाटात. तीन नंबर तशाच दुसऱ्या ड्राइव्हवर, लेकीच्या घरी, कारण आग लागली तर एका घराला लागेल, हे ह्यांचं म्हणणं. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी लेक तो ड्राइव्ह घेऊन यायची आणि हे त्यात नवे फोटो भरून द्यायचे. ड्राइव्ह फॉरमॅट करायचा, म्हणजे पुसून कोरा करायचा, तर तोही पूर्ण, झटपट नाही. "झटपट म्हणजे नुसती अनुक्रमणिका फाडायची गं," म्हणायचे. "आतलं पुस्तक तसंच राहतं."

आणखी एक नियम हॉस्पिटलातून घरी आला होता. काहीही पुसायच्या आधी दुसऱ्या माणसानं तोंडानं 'हो' म्हणायचं. घरात दुसरं माणूस म्हणजे मीच. "पुसू का गं?" असा आवाज आला की मी स्वयंपाकघरातूनच ओरडायची, "पुसा बाबा, पुसा एकदाचं."

निवृत्तीनंतर चार वर्षांनी ह्यांचं डोकं दगा द्यायला लागलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काकू, कामं हातांच्या लक्षात राहतील. माणसं आधी जातील." मी त्यांच्याशी भांडून आले. लेकीला मात्र यातलं एक अक्षर सांगितलं नाही. तिला काळजी लावायची नव्हती, आणि खरं सांगायचं तर मला लाज वाटत होती.

मग एका आठवड्यात ह्यांनी मला दोनदा विचारलं, "पुसू का गं?" दोन्ही वेळा मी कणीक मळता मळता हो म्हटलं.

तिसऱ्यांदा मला टेबलापाशी बोलावलं. हातात आमचा एक जुना कागदी फोटो होता, पाकिटात राहिलेला. "हा कोण आहे?"

"कुणास ठाऊक," मी म्हटलं. "मला तरी जन्माचा चिकटलाय."

"हसू नकोस. सगळ्या फोटोंत होता. तुझ्या शेजारी. लेकीला कडेवर घेऊन. तुझ्या खांद्यावर हात ठेवून." आवाज अगदी हळू होता, शेजारच्या खोलीत कुणी ऐकत असल्यासारखा.

"अहो, ते तुम्हीच आहात."

त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "तुलाही त्यानं तेच सांगितलंय का?"

मी कॉम्प्युटर पाहिला, कपाटातला ड्राइव्ह जोडून पाहिला. दोन्ही कोरे. चाळीस वर्षं गेली होती, आणि ती माझ्याच तोंडच्या 'हो'नं. मी तिथेच जमिनीवर बसून रडले. ह्यांनी त्या कागदी फोटोचे तुकडे केले आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "घाबरू नकोस. आता फक्त तीन नंबरमध्ये उरलाय."

त्यानंतर ह्यांनी जेवण सोडलं. दाराला खुर्ची लावून त्यावर बसून राहायचे. मला अंघोळीला जाऊ देतानाही आधी आत डोकावून यायचे. नऊ दिवसांत माणूस अर्धा झाला. मला राग यायचा, ओरडायचीही मी, आणि मग त्यांचे डोळे पाहून ताट पुन्हा पुढे सरकवायची. इतकी वर्षं संसार केला, पण माझ्यासाठी इतकं घाबरलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

ड्राइव्ह आणू नकोस म्हणायचं तर लेकीला सगळंच सांगावं लागलं असतं, ते मी टाळत राहिले आणि पहिला शनिवार आला. लेकीनं नेहमीसारखा ड्राइव्ह बाबांच्या हातात दिला आणि चहा टाकायला आत गेली. मी पोचेपर्यंत ह्यांनी तो जोडलाही होता. पडद्यावर सूचना होती की सगळं कायमचं जाईल. बोट बटणावर ठेवून ते थांबले होते. नियम विसरले नव्हते.

"हो म्हण," ते म्हणाले. दुसऱ्या हातानं माझा पदर धरला. "तू म्हटल्याशिवाय मला करता येत नाही गं."

एक तास मागून घेतला असता तर लेकीनं चौथी प्रत करून ठेवली असती. हे मला दुसऱ्या दिवशी सुचलं. तेव्हा मला फक्त तो हात दिसत होता. फोटोतल्या माणसाला वाचवू की खुर्चीतल्या, एवढाच प्रश्न होता. मी हो म्हटलं.

फॉरमॅट व्हायला तीन तास लागले. लेक दारात उभी राहून रडत होती. ह्यांनी मात्र नऊ दिवसांनी पोटभर पोळी खाल्ली. काम संपलं तसा ड्राइव्ह काढला, मला म्हणाले, "सुटलीस," आणि कॉम्प्युटर बंद केला.

पडदा काळा झाला. समोरच्या खिडकीतून संध्याकाळचं ऊन आमच्या तोंडांवर येत होतं. त्या काळ्या काचेत दोन चेहरे होते. ह्यांचं हसू ओठांवर तसंच राहिलं आणि त्यांनी माझं मनगट गच्च धरलं.

"हलू नकोस," ते कुजबुजले. "तुझ्या शेजारीच बसलाय."