कुंकवाखालचा दिवा
झेंडूचा वास आला की आजही माझं डोकं तापतं. भंडाऱ्याच्या आमच्या ऑफिसात सगळा डेटा ज्या नेटवर्क स्विचमधून जायचा, त्यात दोन कंट्रोल कार्डं होती. एक बिघडलं तर दुसऱ्यानं काम उचलायचं. दिवाळीआधी पहिलं गेलं आणि दुसरं उठलंच नाही. सातबाऱ्यासाठी आसगावहून आलेले लोक दारात ताटकळले. वाकून पाहिलं, तर दुसऱ्या कार्डाच्या दिव्यावर दसऱ्याच्या पूजेचं कुंकू थापलेलं. बोटानं पुसलं, तर आत बिघाडाचा पिवळा दिवा इमानेइतबारे लुकलुकत होता. "हे कोणी केलं?" मी ओरडलो. शिपाई शांतपणे म्हणाला, "मीच जी. बाकी सारे दिवे हिरवे, हाच पिवरा लुकलुकून राहिला होता. बरा नाही दिसे, म्हून कुंकू त्याच्यावरच लावलं." आता दसऱ्याला कुंकू मीच लावतो. भिंतीला.